झाकणाचा वास

दूध केंद्रावर तिला सगळे नाकवाली म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि तिलाही ते आवडे. काम साधं. दूधवाल्याने कॅन पुढे सरकवला की झाकण उचलायचं, उलटं करून नाकाशी धरायचं, आणि 'घ्या' किंवा 'ओता' म्हणायचं. शंकेचं दूध उकळून बघायची सोय होती, पण नाकवालीला उकळताना कुणी पाहिलं नव्हतं. ती 'ओता' म्हणाली की आख्खा कॅन गटारात, आणि वर कुणी हूं की चूं करत नसे!

मग एक साधा ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. घरी सून ओरडली, "अहो आई, भाजी करपून कोळसा झाली, तुम्ही तर शेजारीच बसलात!" तेव्हा तिच्या ध्यानात आलं. सांगावं तर काम जाणार. नाकवालीला नाकाशिवाय कोण ठेवून घेईल?

तिने डोकं लढवलं. कोण किती लांबून येतो, कुणाची बायको कॅन कढत पाण्याने धुते, कोण नजर चुकवतो, यावरून ती ठरवू लागली. झाकण मात्र नाकाशी धरायची, डोळे मिटून, अगदी पूर्वीसारखं. उकळून बघायला लागावं तर लोकांना संशय यायचा. कधीकधी तिला वाटे, नाक हवंय कशाला, डोकं आहे ना! पण टाकी भरून गेली की उद्या काय ऐकायला मिळेल, याचा घोर लागे. टाकीतलं दूध नासल्याची तक्रार आली नाही, एवढाच काय तो आधार.

त्या दिवशी टोपीवाले आजोबा उशिरा आले. एकच गाय, एकच कॅन. वाटेत सायकल पंक्चर झालेली, कॅन उन्हाने तापलेला. डोक्याने निकाल देऊन टाकला. झाकण तिने नावाला नाकाशी नेलं.

"ओता, आजोबा."

"अगं, मी आत्ताच वास घेतला. चांगलं आहे की."

"नासलंय."

आजोबांनी वाकून पुन्हा हुंगलं, बराच वेळ. मग मान हलवली. "तू म्हणतेस म्हणजे नासलंच असणार. माझंच नाक गेलं म्हणायचं. वय झालं, दुसरं काय!" आणि ते कॅन ओढत गटाराकडे निघाले.

म्हातारा तिच्या एका शब्दाखातर स्वतःचं धडधाकट नाक खोटं ठरवत होता. ते काही तिला सोसेना.

"थांबा!" ती ओरडली. "तुमचं नाक बरं आहे. माझं गेलंय. मला वासच येत नाही."

रांगेत कुणीतरी हसलं, मग कुणीच हसेना. केंद्राच्या मॅनेजरने भांडंभर दूध उकळून पाहिलं. फाटलं नाही. आजोबांचा कॅन टाकीत रिकामा झाला.

"कधीपासून येत नाही?" मॅनेजरने विचारलं.

"ताप आल्यापासून."

"मग इतके दिवस झाकण धरून करत काय होतीस?"

"विचार," ती म्हणाली.

कामाचं काय होणार, हे विचारायचंही तिला सुचलं नाही. टाकीत गेलेल्या दुधाची तक्रार नव्हती, खरं; पण गटारात गेलेलं दूध तक्रार करणार कुठे? रांगेतली एक बाई पुढे आली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"परवा माझा कॅन ओतायला लावलास, ते दूध कसं होतं गं?"

नाकवालीला ते माहीत नव्हतं.