नको म्हणायची आमची रीत

आमच्या घरात तोंडावर 'नको' म्हणायची पद्धत नाही. मेंढरं तळावर बसली की संध्याकाळी माणसं गोल करून टेकतात आणि तंबाखूची चंची हातोहात फिरते. आलेली चंची नाकारली तर देणाऱ्याला वाईट वाटतं. ज्याला खायची नाही, तो ती घेतो, कपाळाला लावतो आणि शेजाऱ्याकडं देतो. मग का खात नाहीस, असं कुणी विचारत नाही.

ही रीत शहरात उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं.

दहावीनंतर मी आणि माझा मामेभाऊ शहरातल्या गारखेडा भागात खोली घेऊन राहू लागलो. आमच्या घरांतून कॉलेजात गेलेले आम्ही पहिलेच. लहानपणी विहिरीत पहिली उडी मामेभावाची असायची. नाल्याला पाणी असलं की मेंढरं बिचकायची, तेव्हा आधी पाण्यात उतरायचा तोही हाच. मी काठावर उभा राहून पाणी किती खोल आहे ते बघायचो. मामा म्हणायचा, "ह्यो भित्रा हाय, पर बुडायचा नाय." मला त्याची लाज वाटायची.

शेजारच्या खोलीत दोन मुलं होती, आमच्याच वर्गातली. ती वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगतो. मला ताप आला तेव्हा त्यांनीच दवाखान्यात नेलं होतं. एका रविवारी दुपारी गच्चीवर त्यांतल्या एकानं खिशातून झोपेच्या गोळ्या काढल्या. आमच्याकडं पोरं त्यांना 'बटन' म्हणतात.

"ले रे गाववाले, दुनिया हलकी लगती."

गोळी माझ्या तळहातावर आली. ज्यांनी आजारपणात पाणी पाजलं, त्यांना नको कसं म्हणायचं, ते मला सुचेना. हात आपोआप वर गेला. मी गोळी कपाळाला लावली.

एकदम हशा फुटला.

"अबे, परशाद है क्या ये?"

"महाराज, आता आशीर्वाद बी द्या!"

गोळी मी पुढं देण्याआधीच मामेभावानं उचलली. "ह्याला लई भ्या वाटतं. मला बघू दे." विहिरीच्या कठड्यावर चढताना त्याचा आवाज असाच असायचा.

मी त्या दिवसापासून महाराज झालो. चिडवायचे खूप, पण गोळी पुन्हा कुणी पुढं केली नाही. मामेभाऊ मात्र हळूहळू वर्गात पेंगायला लागला, नंतर वर्गातच येईना. काही विचारलं की अंगावर धावून यायचा. शेवटी मीच मामाला फोन केला. मामा आला, त्याला घेऊन गेला, डॉक्टरांकडं इलाज सुरू झाला.

गावात सगळे म्हणतात, संगतीनं पोरगं बिघडलं. मला ते पूर्ण पटत नाही. संगत तर मलाही तीच होती. कदाचित मला घाबरटपणानं वाचवलं आणि ज्या धाडसाचं आम्ही सगळे कौतुक करायचो, त्यानंच त्याला पुढं ढकललं. पण गच्चीवर तो एकटा असता तर त्यानं गोळी घेतली असती का? बघणारं कुणी नसताना त्यानं विहिरीत उडी मारलेली मला आठवत नाही. माझं चुकतही असेल.

दिवाळीच्या सुट्टीत मी तळावर गेलो. मामेभाऊ कोकरू मांडीवर घेऊन बसला होता, वाळलेला, पण डोळे साफ. संध्याकाळी चंची फिरली. तंबाखू तो आधीपासून खायचा, त्यामुळं कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. मामाचंही असावं, कारण तो बोलता बोलता थांबला.

मामेभावानं चंची बराच वेळ हातात धरली. दोरी सोडली, परत आवळली. मग ती कपाळाला लावून माझ्याकडं दिली.

"घ्या महाराज," तो हळूच म्हणाला.

तंबाखू म्हणजे बटन नव्हे, हे मला कळतं. पुढच्या वर्षी तो परत कॉलेजात यायचं म्हणतो, आणि ती गच्ची अजून तिथंच आहे. मीही चंची कपाळाला लावली आणि मामाकडं दिली. मामानं चिमूट न घेताच ती बांधून ठेवली.