थोरल्या सिस्टरच्या ताटाचा कावळा

आमची मेंढरं एकाच पावसाळ्यात गेली. आधी पाय सुजले, मग तोंडं आली आणि बघता बघता मेंढरं कोंडायची वाघूर रिकामी झाली. मेंढरांमागं बापही गेला, तापानं. पाथरीकडच्या आमच्या गावात दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर एकही कावळा खाली उतरेना. ऊन चढलं, माणसं भुकेजली. जाणती माणसं म्हणाली, मयताच्या मनात काही तरी राहिलंय. मग चुलता पुढं झाला आणि हात जोडून मोठ्यानं बोलला, "दादा, तुझ्या लेकरांचं मी बघतो. जा आता सुखानं." झपकन कावळा उतरला. सगळ्यांनी श्वास सोडला आणि घरची वाट धरली.

सुगी सरेपर्यंत चुलत्याला तो शब्द आठवेनासा झाला. माय म्हणायची, "त्याला काय बोल लावायचा? कावळाच घाईचा निगाला. नीट ऐकून तरी घ्यायचं मुडद्यानं!"

मला आणि धाकट्या भावाला घेऊन ती परभणीला आली. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. स्टेशनाच्या पलीकडं एका भिंतीला टेकून आम्ही पत्रे उभे केले. ज्वारीच्या कण्या, त्याही एकवेळ. संध्याकाळी भाऊ रडायला लागला की माय त्याला सांगायची, "चूल दमलीया बाबा, निजू दे तिला." भावाला ते खरं वाटायचं. तो चुलीजवळ पाय न वाजवता चालायचा.

मायला काम मिळालं ते सिस्टर लोकांकडं पाणी भरायचं. त्या चौघी होत्या. कॅथलिक ख्रिस्ती. लग्नसंसार न करता देवाच्या नावानं एकत्र राहायच्या, घंटा वाजली की प्रार्थना करायच्या, घंटा वाजली की जेवायच्या आणि मधल्या वेळात दवाखाना चालवायच्या. गावातले लोक त्यांना पांढऱ्या बाया म्हणत. त्यांच्या मुख्य त्या मदर. मंगळूरकडच्या, उंच, कडक. त्यांनी नुसतं बघितलं तरी कोंबड्या अंगणातून बाहेर जात. स्वयंपाकाच्या सिस्टर मलबारच्या. मराठीचा आणि त्यांचा उभा दावा, पण स्टेशनावरच्या हमालांसारखी दखनी उर्दू झकास बोलायच्या. धाकट्या सिस्टर वसईच्या, हसऱ्या; चौघींत मराठी जन्मापासून येणाऱ्या त्याच. आणि चौथ्या थोरल्या सिस्टर. समुद्रापलीकडून तरुणपणी आल्या त्या इथंच म्हाताऱ्या झाल्या.

माय आडावर पाणी शेंदायची तेवढ्या वेळात थोरल्या सिस्टर मला पायरीवर बसवून शिकवायच्या. आधी उर्दूची अलिफ-बे, कारण त्यांना तेच यायचं. मग नव्या सरकारात शाळा मराठी झाल्या, तर म्हातारपणी त्या धाकट्या सिस्टरकडून मराठी अक्षरं शिकायच्या आणि दुसऱ्या दिवशी मला शिकवायच्या. माझ्यापुढं त्या एकच धडा असायच्या. कधी कधी तेवढाही नाही. मग आम्ही दोघी एकाच अक्षराकडं बघत बसायचो आणि दोघींना हसू फुटायचं.

त्या उन्हाळ्यात चुलता उगवला. पोरीला स्थळ आणलंय म्हणाला, आखाड लागायच्या आत उरकून टाकू. मायनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. "पोरगी शिकायलीय. सिस्टरबाई शिकवायल्यात. त्यांना इचारून सांगते." चुलता परत यायचं बोलून गेला. आणि थोरल्या सिस्टर त्याच आठवड्यात गेल्या. सकाळी प्रार्थनेला गुडघे टेकले ते टेकलेच.

फादर दुसऱ्या गावाहून रेल्वेनं यायचे आणि गाडीला उशीर झाला. तोपर्यंत सिस्टरनी म्हाताऱ्या देहाजवळ बसून हळू आवाजात गाणी म्हटली. मायला ते पटेना. मेलेल्या माणसाजवळ एवढं हळू? तिनं पदर कमरेला खोचला आणि आमच्या रीतीनं गळा काढला, "माज्या सिस्टरबाई गं, कुठं निगालीस गं, माज्या पोरीचं अर्दं पुस्तक ठिवून गं!" मदर दचकल्या. थांबवणार असं वाटलं. पण स्वयंपाकाच्या सिस्टर उठल्या, मायच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी मलबारी भाषेत असा हंबरडा फोडला, की बाहेर दवाखान्यात सुईसाठी रांगेत बसलेली बाया-माणसंही रडायला लागली. मग मदरनं दोघींच्या खांद्यांवर हात ठेवले आणि तशाच उभ्या राहिल्या. फादर आले तेव्हा कुणाचं गाणं कुठलं आणि रडणं कुठलं, काही कळत नव्हतं.

माती झाल्यावर मदरनं मायला बोलावलं. धाकट्या सिस्टर समजावून सांगायला जवळ होत्या. त्यांच्यात एक रीत होती. एखादी सिस्टर वारली की महिनाभर जेवणाच्या टेबलावर तिची जागा तशीच ठेवायची. तिथं क्रूस ठेवायचा, तिचं ताट वाढायचं आणि प्रार्थना झाली की ते ताट तिच्या नावानं भुकेल्या माणसाला द्यायचं. "तुमची मुलगी त्यांची लाडकी. तिलाच द्यावं असं आम्हाला वाटतं," मदर म्हणाल्या.

माय धनगरीण. ताठ. "आमी मागून खात न्हाई, मदरबाई."

"मागितलं कुठं तुम्ही? ताट थोरल्या सिस्टरचं आहे. त्या देताहेत."

माय विचारात पडली. पत्र्याखाली आलो आणि एकाएकी तिचे डोळे लकाकले. "अगं, हे तर आपल्यासारकंच! मेलेल्या माणसाचं ताट. तुला कावळा करायल्यात."

मी घाबरले. "मग काय करू?"

"काय करू म्हंजी? कावळा करतो तेच. मनातलं राहिलेलं कुनी बोलल्याबिगर शिवायचं न्हाई. तुज्या बापाचा कावळा घाई करून बसला. तू बसू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला जेवणघराच्या उंबऱ्यात पाटावर बसवलं. माय मागं ओसरीत रांजणाजवळ. जेवताना बोलायचं नाही असा त्यांचा नेम. एकीनं संतांच्या गोष्टी मोठ्यानं वाचायच्या आणि बाकीच्यांनी मुकाट जेवायचं. मदरनं क्रूसापुढचं ताट उचलून माझ्यापुढं आणून ठेवलं. भात! आमच्याकडं भात सणालाच. वरण, वांग्याची भाजी आणि मधोमध एक अख्खं उकडलेलं अंडं, माझ्याकडं बघत असलेलं.

मी हात मांडीखाली दाबून बसले.

धाकट्या सिस्टर वाचत होत्या, कुणी संत जंगलात उपाशी राहिल्याची गोष्ट. मदरनं मान हलवून खूण केली, जेव. मी मान हलवली, नाही. स्वयंपाकाच्या सिस्टरनं उठून मीठ आणून ठेवलं. मी नाही. लोणचं आणलं. मी नाही. मग साखर. मग त्यांनी दोन्ही हातांनी खूण केली, दुसरं अंडं हवं का? माझ्या पोटानं एवढा मोठा आवाज केला की वाचणाऱ्या धाकट्या सिस्टर अडखळल्या. उपाशी संत त्यांनी दोनदा उपाशी ठेवला. पुस्तक तोंडापुढं धरलं, पण खांदे हलायला लागले.

मदरनं घंटी वाजवली. म्हणजे बोलायची परवानगी. "का जेवत नाहीस?"

मी खरं ते सांगितलं. "मी कावळा हाय."

"नमक कम हुआ क्या, बेटी?" स्वयंपाकाच्या सिस्टरनं विचारलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

धाकट्या सिस्टरनं पुस्तक मिटलं. पिंड, कावळा, राहिलेली इच्छा, सगळं दखनीत सांगितलं आणि शेवटचं वाक्य हसण्यात बुडालं. स्वयंपाकाच्या सिस्टरनी मला नीट निरखलं, मग दोन्ही हात पंखांसारखे हलवून "काँव?" असं विचारलं. मी मान डोलावली. झालं! त्या टेबलाला धरून हसायला लागल्या. थोरल्या सिस्टर गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. हसता हसता त्या रडायला लागल्या, रडता रडता परत माझ्याकडं बघून हसल्या.

मदर मात्र गंभीर. "आमच्या विश्वासात असं नसतं, बाई," त्या ओसरीकडं बघून मायला म्हणाल्या. "थोरल्या सिस्टर देवाजवळ गेल्या. आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. आत्मा अडून राहत नाही."

"न्हाई ना राहत? मंग बोलून टाकायला काय हरकत हाय?" माय म्हणाली. "बगा, पोरगी उपाशी हाय."

स्वयंपाकाच्या सिस्टर पुढं झाल्या. क्रूसापुढं उभ्या राहून गंभीर होऊन म्हणाल्या, "थोरली सिस्टर, अचार में गुड़ डालूंगी. तुम बोलते बोलते थक गई, मैं नहीं डाली. अब डालूंगी."

मी मायकडं बघितलं. मायनं मान हलवली, न्हाई.

धाकट्या सिस्टर म्हणाल्या, "प्रार्थनेला पेटी वाजवताना मी घाई करणार नाही. तुमचा आवाज मागं राहायचा आणि मला हसू यायचं. माफ करा."

मला वाटलं झालं. माझा हात अंड्याकडं निघाला. मागून माय खोकली. हात परत मांडीखाली.

"तुम्हारी मुर्गियाँ!" स्वयंपाकाच्या सिस्टर ओरडल्या. "एक भी नहीं काटूंगी! नाताळ में भी नहीं!"

मायची मान परत न्हाई. मला तर आता भात दोन दोन दिसायला लागला होता. मी काकुळतीला येऊन मदरकडं बघितलं. मदर क्रूसाशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होत्या. मग हळूच बोलल्या, पण आमच्याशी नाही, खुर्चीशी.

"तुम्ही मला विचारलं होतं. या मुलीला गावातल्या शाळेत घाला, जिथवर पास होईल तिथवर आपण शिकवू. मी म्हटलं, बघू. दोनदा विचारलंत आणि दोनदा मी बघू म्हटलं. आता बघू नाही. ही शिकेल. आपल्याकडं राहील, आपल्याबरोबर जेवेल, मॅट्रिक होईल आणि पुढंही. मी असेन तोवर मी, माझ्यामागं या दोघी. हे मी कावळ्यासाठी बोलत नाही, सिस्टर. तुमचं देणं होतं म्हणून बोलते."

मी मायकडं बघितलं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. नुसती मान खाली-वर केली.

मी शिवले! असं शिवले की अंडं एका घासात गेलं आणि घशात अडकलं. स्वयंपाकाच्या सिस्टर पाठीत धपाटे घालायल्या, धाकट्या सिस्टर हसायल्या, आणि मदर, ज्यांना बघून कोंबड्या पळायच्या त्या मदर, रुमालात तोंड लपवून अशा हसल्या की त्यांची टोपी वाकडी झाली.

महिनाभर ते ताट मी जेवले. रोज दुपारी स्वयंपाकाच्या सिस्टर दारातून हाक द्यायच्या, "कौवा आया क्या?" मी ओसरीतून काव काव करत जायची. अर्धा भात मी भावासाठी ठेवते हे त्यांनी बघितलं, तेव्हापासून थोरल्या सिस्टरच्या ताटात दोन अंडी यायला लागली. रात्रीच्या जपमाळेच्या प्रार्थनेला माय मागं येऊन बसायची. त्यांच्या प्रार्थनेतला शब्द तिला येत नव्हता, पण मदरचा आवाज कातर झाला की ती पाण्याचा तांब्या पुढं सरकवायची. बाराव्या दिवसाचं म्हणून तिनं आपल्या हातच्या बाजरीच्या भाकरी केल्या आणि तिघी सिस्टरनी त्या खाल्ल्या. मदरनी तर दुसरी मागितली.

चुलता आला तेव्हा माय सिस्टरांच्या अंगणातच त्याला आडवी आली. "पोरगी द्यायची न्हाई."

"का? काय झालं?"

"कावळा शिवलाय. मदरबाईनं शबूद दिलाय. तुज्यासारका न्हाई, पाळायचा शबूद." चुलत्यानं मदरकडं बघितलं. मदरनी त्याच्याकडं बघितलं. कोंबड्यांच्या मागून चुलताही फाटकाबाहेर गेला.

मोठी झाल्यावर मी एकदा मायला विचारलं, "माय, थोरल्या सिस्टरनी मदरला विचारलं होतं, हे तुला आधीच माहीत होतं का गं?"

माय ज्वारी पाखडत होती. सूप थांबवलं नाही. "मला काय माईत? कावळा तू हुतीस."

शब्द पाळला गेला. मी गावातल्या शाळेत गेले, मॅट्रिक झाले, सिस्टरांच्याच ओळखीनं बाहेरगावी वसतिगृहात राहून कॉलेजात गेले. महाराष्ट्र राज्य झालं त्या साली मी बी.ए. पास झाले. आमच्या खानदानात सही करणारी पहिली मी, आणि पदवी घेणारीही पहिली मीच.