मऊ स्प्रिंगच्या बाजूने

तुमची गाडी किती कडक असावी हे कोणी ठरवलं? तुम्ही, की तुमच्या मोबाइलवरच्या ग्रुपने?

हा प्रश्न मी कुवेतच्या अहमदी गावातल्या एका बंगल्याच्या हिरवळीवर, चहाचे कप हातात घेतलेल्या मंडळींसमोर विचारला होता. उत्तराऐवजी 'मोर्चेवाली' असं नाव मिळालं, आणि ते मी आनंदानं घेतलं.

कुवेतमध्ये आम्हा मराठी लोकांची एक रीत आहे. एकटं कोणी फारसं काही मागवत नाही. हापूसच्या पेट्या एकगठ्ठा, दिवाळीचा फराळ एकगठ्ठा, गणपतीच्या मूर्तीसुद्धा एकगठ्ठा. आमच्या गाडीवेड्यांच्या ग्रुपचंही तेच. हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी आम्ही ट्रॅकवर गाड्या पळवतो. त्यासाठी लागणारे टायर आणि ब्रेक पॅड सगळे मिळून एकाच जातीचे घेतो. ग्रुपमधले जवळजवळ सगळे तेल कंपन्यांतले इंजिनिअर. मुलगी मी एकटीच. ग्रुप चालवतात ते पुण्याचे एक सीनियर इंजिनिअर. त्यांना सगळे दादा म्हणतात. ट्रॅकवरची वेळ तेच सगळ्यांसाठी राखून ठेवतात, त्यामुळे त्यांचा शब्द जड.

त्या दिवशी विषय होता सस्पेन्शनचा. मूळ स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर काढून त्यांच्या जागी उंची आणि कडकपणा हवा तसा बदलता येणारा संच बसवायचा. दादांनी स्वतःच्या गाडीत तो आधीच बसवून घेतला होता. सगळ्यात कडक स्प्रिंगचा, गाडी जमिनीला टेकवणारा. आता सगळ्यांसाठी तोच येणार होता.

"दादा, हाच का?" मी विचारलं.

"मार्जिन," दादा म्हणाले. "पाइप घेताना आपण हिशेबापेक्षा जाड घेतो ना? तसंच. कडक घेतलेलं कधी वाया जात नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. ही चूक आमचीच माणसं करू जाणोत! आयुष्यभर प्रेशर व्हेसल मोजलेल्या माणसाला जाड म्हणजे सुरक्षित असंच वाटतं.

"पाइप एका जागी पडून असतो, दादा. चाकाला वर-खाली व्हावं लागतं. गाडीचं मार्जिन त्या हालचालीत असतं. तुम्ही गाडी खाली आणून आणि स्प्रिंग कडक करून तेच खाऊन टाकताय."

"आली बघा आमची मोर्चेवाली," कोणीतरी म्हणालं. "आता सह्या गोळा करेल."

"आणि त्या गाडीतून मी रोज बाबांना मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत सोडते. त्यांची पाठ तुम्हाला माहीत आहे."

"काकांना कंपनीची बस आहे की," दादा म्हणाले. आवाजात वाईटपणा नव्हता, आणि तेच मला जास्त झोंबलं. "एक गाडी दोन कामं करत नाही गं. एकतर ट्रॅकची, नाहीतर काकांची. आणि जो ऑर्डरमध्ये नाही, तो आपल्या वेळेत नाही. सगळ्यांना सारखा नियम."

माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं. नाशिकला कारखान्यात असताना ते युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. 'कामगार बंधूंनो' हे मला 'कमळ'च्या आधी वाचता येत होतं. कारखाना बंद पडला आणि बाबा इथे आले. इथे पत्रकं नाहीत. रिफायनरीच्या आवारात पाइपांच्या रॅकखाली वाकून वाकून त्यांच्या मणक्यातली चकती सरकली. निवृत्तीला अजून अवकाश आहे. बसच्या मागच्या बाकावर बसून गेले, तर उतरताना त्यांना दांड्याला धरून उभं राहावं लागतं. माझ्या गाडीतून गेले तर चालत आत जातात. मला एवढंच वाचवायचं होतं.

म्हणून मी दादांना म्हटलं, "चला, आत्ता महबूल्याला आमच्या घरी जाऊ. बाबांना तुमच्या गाडीत बसवा आणि आमच्या गल्लीतून एक फेरी मारा. त्यांनी चालेल म्हटलं, तर मी ऑर्डरमध्ये."

दादा तयार झाले. माणूस भित्रा नाही.

आमच्या महबूल्यातली गल्ली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वर्णन नको. पावसानं डांबर उखडलं की खडी सुटी होते, आणि मधेमधे मतब, म्हणजे गतिरोधक, रंग उडालेले, न दिसणारे. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले, दादांच्या शेजारी बसले. मी मागे. पहिल्याच मतबला बाबांचा हात छताच्या दांड्याकडे गेला. दुसऱ्याला गाडीचं पोट घासलं. तिसऱ्याच्या आधी दादांनी इतका वेग कमी केला की मागून एका पाण्याच्या टँकरनं भोंगा वाजवला.

"कसं वाटतंय, काका?"

"साहेब, गाडी झकास आहे," बाबा म्हणाले. "फक्त यात बसून घोषणा देता येणार नाही. जीभच तुटेल."

दादासुद्धा हसले. पण बाबांना उतरायला मी हात दिला, तेव्हा त्यांनी तो घेतला. एरवी घेत नाहीत. दादांनी ते पाहिलं आणि नजर वळवली.

"माझं उत्तर नाही असं आहे," मी म्हणाले. मग ग्रुपवरही तसं लिहिलं, कारणांसकट. ग्रुपच्या वेळेतून माझं नाव गेलं.

मी शुवैखला गाड्यांच्या सामानाची दुकानं पालथी घातली. प्रत्येक जण पहिल्यांदा विचारायचा, किती खाली आणायची? मी म्हणायचे, ते शेवटी. आधी सांगा, उंची बदलली तर स्प्रिंगवरचा दाब तसाच राहतो का? मूळ स्प्रिंगहून थोडीच कडक मिळेल का? कडकपणाचं बटण बॉनेट आणि डिकी उघडून हातानं फिरवता येतं का, की दर वेळी चाक काढायचं? इथल्या धुळीसाठी शॉकच्या रॉडवर रबरी आवरण आहे का? उन्हाळ्यात आतलं तेल पातळ होऊन गळलं, तर दुरुस्ती इथेच होईल, की अख्खा संच समुद्रापार पाठवायचा? या सगळ्यांना हो म्हणणारा एकच संच सापडला. दिसायला अगदी साधा. तोच घेतला. गाडी जेमतेम बोटभर खाली आणली.

ट्रॅकवर स्वतंत्र नोंदणी करून गेले. बाबाही आले, घडीची खुर्ची घेऊन. बटणं कडक बाजूला फिरवली आणि निघाले. सगळ्यांत वेगवान मी नव्हते, खोटं कशाला सांगू? सरळ पट्ट्यात ग्रुपच्या मोठ्या इंजिनांनी मला सहज मागे टाकलं, आणि लांब वळणांवर माझी गाडी त्यांच्यापेक्षा जास्त कलत होती. पण ट्रॅकच्या कडेची रंगीत, उंचसखल पट्टी जिथे चाकाखाली येते, तिथे त्यांच्या गाड्या उडत होत्या आणि माझी रस्ता धरून होती. त्या वळणावर मी दादांना दोनदा गाठलं.

नंतर दादा पाण्याची बाटली घेऊन आले. "बरी बसली आहे गाडी. पण ग्रुपची नाही राहिली."

"नाही राहिली," मी म्हणाले.

"काका, समजवा हिला."

"मी कशाला समजवू, साहेब?" बाबा खुर्ची मिटत म्हणाले. "सगळं माझ्याच पत्रकातलं बोलते."

दादा आपल्या गाडीकडे गेले. मी बॉनेट उघडून बटणं मऊ बाजूला फिरवली, मग डिकीतली. निघालो. रस्त्याला खडी होती, मतब होते. महबूल्याच्या वळणाआधीच बाबा डोकं मागे टाकून घोरायला लागले होते.

पुढच्या वर्षी मी त्या ग्रुपमध्ये असेन की नाही, माहीत नाही. नसले तरी चालेल. एकजूट मला घरातूनच शिकवली गेली आहे, पण सगळ्यांनी एकाच मापाचं दुखणं विकत घेणं म्हणजे एकजूट नव्हे. तुमच्या ग्रुपवर आज एखादी एकगठ्ठा ऑर्डर फिरत असेलच. सस्पेन्शनची असेल, नाहीतर आणखी कशाची. तिच्याखाली अंगठा टाकण्याआधी ती निवडणाऱ्याला तुमच्या गल्लीत बोलवा. ज्याला त्या निवडीचा त्रास होणार आहे, त्याला निवडणाऱ्याच्या शेजारी बसवा. आणि फेरी पूर्ण होईपर्यंत हो म्हणू नका.