चिंचोक्यांचे सेनापती

जगातल्या सगळ्या लढाया आपल्याला विचारून झाल्या असत्या, तर त्या फार नीटनेटक्या झाल्या असत्या, असे आमच्या मावशीच्या यजमानांचे प्रामाणिक मत होते. हे आमचे काका बारामतीला कालव्याच्या कचेरीत नकाशे काढत. प्रत्यक्ष शौर्याशी त्यांचा संबंध शेजारच्या कोंबड्यापुरता. तो अंगावर आला की काका छत्री पुढे धरून उलट्या पावली घरात शिरत आणि धापा टाकत मला सांगत, "हे पळणं नव्हे. ही शिस्तबद्ध माघार." मी तेव्हा शाळेत नवा मास्तर होतो आणि त्यांच्याकडेच जेवत होतो, त्यामुळे मान डोलावत असे.

लढाईच्या या नादापायी काका 'दारूगोळा' नावाचे मासिक काढत. सन तीस-पस्तीसचा सुमार, त्यात हे नाव, तेव्हा एकदा फौजदार घरी आलाच. अर्धा तास अंक चाळून "यात चिंचोके फार आहेत" एवढेच म्हणाला आणि चहा पिऊन गेला. त्याचे खरे होते. अंकातली लढाई पाटावर खेळायची. चिंचोके हे पायदळ, गुंजा हे स्वार आणि सुपाऱ्या या तोफा. काका दर महिन्याला रणभूमीचा नवा नकाशा देत, बावीस वर्गणीदार आपापल्या ओसरीवर फासे टाकून ती लढाई लढत आणि निकाल कार्डाने कळवत. मेलेला चिंचोका टिचकीने उडवायचा, असा नियमच होता. छपाई घरची. सरस आणि ग्लिसरीन शिजवून मावशीच्या परातीत थिजवायचे, जांभळ्या शाईने लिहिलेला कागद त्यावर दाबायचा आणि मग कोरे कागद लावून एकेक प्रत उचलायची. शेवटची प्रत इतकी फिकट निघे की ती वाचायला श्रद्धाच लागे. अंकाला नावे ठेवणाऱ्या वर्गणीदाराला काका मुद्दाम तीच पाठवत. पुढे दोन दिवस आम्ही जांभळ्या भाकऱ्या खात असू. "पुढची लढाई बादलीत करा," मावशी म्हणायची, "परात मला लागते."

नकाशाचा मात्र काकांना भयंकर अभिमान. माझ्या नकाशात चूक निघाली तर संपादकी सोडीन, असे पहिल्याच अंकात ते जाहीर करून बसले होते. सात वर्षे चूक निघाली नाही, कारण कोणी शोधली नव्हती. मग एके दिवशी इंदापूरहून एका नव्या वर्गणीदाराचे कार्ड आले. हे गृहस्थ चौदा सालच्या जर्मनीच्या लढाईत पार इराकात, बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले खरेखुरे हवालदार. त्यांनी लिहिले होते, "संपादकसाहेबांस रामराम. तुमची लढाई चार दिस चालती. नकाशात हीर न्हाय, वढा न्हाय. मान्सांनी पानी कुठं प्यायचं?"

काकांनी अंक उघडला. टेकड्या होत्या, किल्ला होता, झाडी तर एकेक पान मोजावे अशी होती. पाण्याचा थेंब नव्हता. दिवसभर कचेरीत पाण्याचे पाट आणि चाऱ्या काढणाऱ्या माणसाने दोन फौजा कोरड्या माळावर नेऊन सोडल्या होत्या! मी इतका हसलो की मला ठसका लागला. काका हसले नाहीत. त्यांची संपादकी पणाला लागली होती. "ही लढाई एका दिवसात जिंकता येते. पाण्याची गरजच नाही. दाखवून देतो," म्हणाले आणि रविवारी मला घेऊन सर्व्हिस मोटारीने थेट इंदापुरास.

हवालदारांनी घोंगडी अंथरली, गूळ-शेंगा पुढे ठेवल्या. डाव मांडला. काका सुटलेच. पहिल्या फाशाला हवालदारांचा एक चिंचोका मेला. काकांनी टिचकीसाठी बोट वाकवले, तोच हवालदारांनी त्यावर तळवा ठेवला.

"टिचकी नगं, साहेब. हितं ठिवू." त्यांनी तो उचलून आपल्या गुडघ्याजवळ ठेवला. "ह्यो धोंडी. कऱ्हाटीचा."

काकांना वाटले, थट्टा आहे. त्यांनी पुन्हा फासे टाकले.

"ह्यो मारुती, लासुर्ण्याचा. ह्याला गोळी न्हाय लागली. पानी पानी करत गेला."

काकांनी हातातले फासे हळूच खाली ठेवले. विचारले, "आणखी किती होते, हवालदार?"

"लई. पर नावं अकराच ध्यानात हायती."

काकांनी खिशातून पेन्सिल काढली. "सांगा."

पुढच्या अंकात नकाशा नव्हता. वर एक ओळ होती, 'गेल्या अंकातल्या नकाशात पाणी नव्हते. चूक माझी.' खाली अकरा नावे, गावांसकट. शेवटी राजीनामा. पण परात घ्यायला दुसरे कोणी पुढे येईना, म्हणून संपादक काकाच राहिले. 'दारूगोळा' मात्र पार बदलला. त्यातल्या फौजा आता कूच करत, नदीवर मुक्काम टाकत, भाकरी खाऊन परत फिरत. लढाई होतच नसे. वर्गणीदार वैतागून गळत गेले. मीसुद्धा चेष्टेने त्याला 'सहलीचं मासिक' म्हणत असे. आज त्याची लाज वाटते.

शेवटी चौघेच उरले. एका महिन्याला इंदापूरचे कार्ड आले. काकांनी ते उभ्यानेच वाचले, माझ्या हातात दिले आणि परात घासायला बसले.

"अंक पोचला," हवालदारांनी लिहिले होते. "या खेपंला समदी घरी आली. लई बरं वाटलं."