म्हाळसाबाईची जीभ आणि येडबाची वाचा

पेडगावात त्या काळी घड्याळं कमी होती, पण म्हाळसाबाई होती. नवऱ्याचं नाव घेऊ नये हा रिवाज ती कसोशीनं पाळायची. नावाच्या जागी शिवी घालायची. पहाटे मेंढरं सोडताना तिचा आवाज चढला की अर्धं गाव चूल पेटवायचं. नवरा येडबा मुका नव्हता. लग्नापासून त्याची बोलायची बारीच आली नव्हती, इतकंच.

मग एका वर्षी बाईची जीभ लालबुंद होऊन सोलली. अंग वाळत गेलं. पायांवर लाल चट्टे उठले. मधे सुकायचे, कड मात्र पुढं सरकायची. गाव म्हणालं, नागीण. काव लावून झाली, भंडारा लावून झाला. बाईच्या शिव्या बंद पडल्या, तसा येडबा धास्तावला. एवढी गप्प ती बापाच्या मौतीलासुद्धा नव्हती.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाच्या त्या वर्षांत एसटी कधी बंद पडेल याचा नेम नसायचा. येडबा तिला छोट्या रेल्वेनं औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. चामडीच्या डॉक्टरीणबाईंनी नडगीवरच्या चट्ट्यातून मसुरीएवढा तुकडा काढून तपासायला दिला. निकाल आला : जुनी जखम, बाकी काही कळत नाही.

"ताजा चट्टा कुठं आहे का, बाई?"

"न्हाई," म्हाळसाबाई पदराआडून पुटपुटली.

येडबाला ठाऊक होतं. ताजे चट्टे जांघेत होते. गाडीतच तिनं डोळे वटारून बजावलं होतं, "तितलं कुनाला सांगायचं न्हाई." तिचा शब्द त्यानं जन्मात मोडला नव्हता. पण अशीच वाळत गेली तर हुकूम सोडायला तरी कोण राहणार? तो खाकरला.

"लबाड बोलायलीय, बाईसाहेब. जांघेत लय हाय. नवं उठलंय."

म्हाळसाबाईनं असं पाहिलं, की लांडगासुद्धा कळप सोडून गेला असता.

"मामा, आधी का नाही बोललात?"

"माजी बारी आत्ता आली."

पडदा ओढला गेला. या वेळी ताज्या चट्ट्याच्या कडेचा तुकडा काढला. त्यात वरच्या थरातल्या पेशी फिकट होऊन मरत असलेल्या दिसल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखणं कातडीचं नाही, मामा. पोटात स्वादुपिंडावर गाठ असावी. ती रक्तात जास्तीचा रस सोडते. चट्टे, जीभ, तपासणीत निघालेली लघवीतली साखर, सगळं तिचंच."

हैद्राबादला पोटाचा फोटो काढला, तर गाठ खरंच निघाली. पसरली नव्हती. ती कापून काढली आणि चट्टे पाहता पाहता विरले.

गावी आल्यावरही बाई गप्पच. येडबा भाकरी वाढताना चोरून तिच्या तोंडाकडं बघायचा. अन् एका पहाटे सगळ्या आळीनं ऐकलं :

"काय मुर्दाड मानूस हाय! भर दवाखान्यात बायकोची जांघ सांगितली, अन् हितं तोंडाला कुलूप! मेंढरं कोन सोडनार, तुमची डॉक्टरीन?"

घराघरांत चुली पेटल्या. आता पेडगावात गजर वाजतात, पण त्यात ती ऊब कुठली! येडबा मेंढीच्या मानेवर हात ठेवून ऐकत राहिला. बारी तिची होती.