काचेमागचा माझा विषय

विभागाच्या फलकावर आम्हा संशोधक विद्यार्थ्यांचे फोटो आहेत आणि खाली इंग्रजीत विषय. रोज काच पुसणाऱ्या मावशींनी माझ्या फोटोवर बोट ठेवलं. "तुझं काय गं हे?"

"विहिरीच्या पाण्यानं दात पिवळे का पडतात, ते गावाला समजावून सांगायचं."

"मग तसं लिही की!"

तसंच लिहिलं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी खोडलं, म्हणाले, "गावठी वाटतं." विज्ञान लोकांपर्यंत न्यायचं, आणि लोकांना कळलं की ते गावठी? आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच; गावठी म्हणवून घ्यायची मला लाज नाही.

मी फोटोखालची इंग्रजी चिठ्ठी काढून माझी मराठी लावली. मावशींनी ती सावकाश वाचली आणि दातांवर पदर धरून विचारलं, "मग आम्ही पाणी कुठलं प्यायचं?"

माझ्या संशोधनाला आलेला हा पहिला प्रश्न. आता सरांनी खोडून दाखवावं.