गोड दह्याचा पुरावा

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या त्या वकीलबाई साताऱ्यातील आमच्या गल्लीत एकदाच आल्या. नाव विचारायचे राहिले. पण बोलण्याआधी पेनला सावकाश टोपण लावण्याची त्यांची सवय मला अजून दिसते.

माझ्या समोरच्या खोलीत जतकडची एक परिचारिका भाड्याने राहत असे. तिची जात समजताच, ती कामावर गेलेली असताना घरमालकाने दाराला स्वतःचे कुलूप घातले. संध्याकाळी ती वकीलबाईंना आणि एका पोलिसाला घेऊन आली, तेव्हा तो म्हणाला, "खोली म्हयन्यापासनं रिकामी हाय. ही कवाच गेली."

"मॅडम, मी हितंच ऱ्हाती वो! आता कुठं जाऊ?" ती रडू लागली.

वकीलबाईंनी टोपण लावले. "कुठं जायचं नाही. आत काय ठेवलंय, तेवढं सांगा."

"सकाळी विरजण लावलंय. शेगडीशेजारी, पातेल्यात."

बाईंनी ते लिहून तिची सही घेतली, पोलिसाला सांगून मला पंच नेमले आणि मगच मालकाला कुलूप उघडायला लावले. मी निवृत्त गणितशिक्षक; आत शिरून आधी शेगडीकडेच गेलो. शेगडीशेजारी पातेले होते. मी ते तिरके केले. दही घट्ट लागले होते.

"गुरुजी, चव?"

"गोड! आजचंच आहे!" मी जवळजवळ ओरडलोच.

"तिनंच आत्ता आणून ठिवलं आसंल," मालक पुटपुटला.

"आन् कुलूप कुणाचं रं गड्या?" पोलीस हसला.

आयुष्यभर मी फळ्यावर सिद्धता लिहिल्या. त्या संध्याकाळची सिद्धता मात्र बाईंनी पोलिसाच्या पंचनाम्यात तीन शब्दांत लिहवून घेतली, 'दही गोड आहे', आणि किल्ली त्या मुलीच्या हातात ठेवली.